पाच वर्षांचे शुल्क अमर कसे करावे: नवशिक्यांसाठी मार्गदर्शन

आयात होणाऱ्या धातूवर सरकारने पाच वर्षांसाठी अँटी-डंपिंग शुल्क (घरच्या भावापेक्षा स्वस्तात इकडे ओतलेल्या परदेशी मालावरचे शुल्क) बसवले आणि आता ते पाचवे वर्ष सरत आले, अशा वेळची देशी कारखानदाराची तगमग ज्याने पाहिली नाही, त्याने दुःख पाहिलेच नाही. हे मार्गदर्शन त्या दुःखी जीवासाठी आहे. दिल्लीतले हे प्रकरण आपल्या आवाक्याबाहेरचे, असे वाटणाऱ्या धाराशिवच्या होतकरू वाचकासाठीही आहे. आवाक्याबाहेरचे तर ते आहेच, पण माहिती असलेली बरी.

आधी न्यूनगंड झटकून टाका. आपला जिल्हा या धंद्यात नवखा नाही. तेर, म्हणजे जुने तगर, इथले कापड गाड्यांवर लादून भडोचला जायचे आणि तिथून जहाजाने पश्चिमेला, हे ‘पेरिप्लस’ या समुद्रव्यापारावरच्या जुन्या ग्रीक ग्रंथात नोंदलेले आहे. त्याच काळात रोमच्या थोरल्या प्लिनीने हिशेब मांडला की हिंदुस्थान दरसाल 5 कोटी सेस्टर्स ओढून नेतो. म्हणजे या विषयातल्या अगदी जुन्या रडगाण्यांपैकी एक आपल्याच विरुद्ध आहे! बिचाऱ्या प्लिनीकडे 1975 चा सीमाशुल्क दर कायदा नव्हता, त्यातले कलम 9अ नव्हते, वकील नव्हता. त्याने नुसते लिहून ठेवले. तुम्ही असला भाबडेपणा करू नका.

1. सूर्य मावळण्याआधी उठा. कायदा म्हणतो, शुल्क पाच वर्षांनी आपोआप संपेल. मात्र ते काढल्यास डंपिंग आणि इजा पुन्हा होण्याची शक्यता दिसली, तर आणखी चालू ठेवता येईल. या ‘मात्र’वर आपले सगळे भवितव्य आहे. या फेरतपासणीला सनसेट रिव्ह्यू म्हणतात. अर्ज कित्येक महिने आधी टाका. मुदतीच्या आत तपासणी सुरू झाली की निकाल लागेपर्यंत, जास्तीत जास्त एक वर्ष, जुने शुल्क चालू ठेवता येते. एकही मुद्दा सिद्ध न करता पाचाची सहा होऊ शकतात. अर्ज कुठे? व्यापार उपाय महासंचालनालय, म्हणजे 2018 साली नव्या नावाने थाटलेले डीजीटीआर, जीवनतारा इमारत, संसद मार्ग, नवी दिल्ली. तुळजापूरला नवस बोललात तरी कागद तिथेच द्यावे लागतात.

2. ‘देशी उद्योग’ व्हा. अर्जाला पाठिंबा देणाऱ्यांचे उत्पादन देशातल्या एकूण उत्पादनाच्या किमान 25 टक्के हवे आणि बोलणाऱ्यांत बहुमत हवे. देशात तो माल करणारे दोघे-तिघेच असतील तर काम चहाच्या एका फेरीत होते. तुम्ही मात्र एमआयडीसीतल्या शेडमध्ये अँगल, चॅनेल आणि पत्रा जोडून उसाच्या ट्रॉल्या करत असाल, तर वाईट वाटून घेऊ नका. तुम्ही देशी आहात, उद्योगही करता, पण ‘देशी उद्योग’ नाही. पोलाद ओततो तो उद्योग. पोलाद विकत घेऊन ज्याची कंबर मोडते तो वापरकर्ता. तुमची पायरी सहावी. तोवर बसून घ्या.

3. इजा करून घ्या. इथे घाई नको, हे सगळ्यात नाजूक काम आहे. तपासणीचे एक वर्ष आणि त्याआधीची तीन, एवढ्या काळातली तुमची विक्री, नफा, उत्पादन, बाजारातला वाटा, क्षमतेचा वापर, शिल्लक साठा, कामगार, पगार, रोकड, भांडवल उभारण्याची ताकद, असे एकेक अंग तपासले जाते. प्रत्येक अंगाला थोडी सूज दाखवता आली तर उत्तम.

आणि दाखवता आली नाही तर? घाबरू नका, सनसेट रिव्ह्यूचे सौंदर्य इथेच आहे. तुमची तब्येत खालावली असेल तर सांगा, शुल्क असूनही परदेशी माल छळतो आहे, म्हणून ते चालू ठेवा. तब्येत ठणठणीत असेल तर सांगा, ती शुल्कामुळेच ठणठणीत आहे, काढलेत तर मरेन. डॉक्टरने पाच दिवसांची गोळी दिली आणि रोगी बरा झाला, तर बरे झाल्याबद्दलच त्याला जन्मभर गोळी लागू करावी, असे हे औषधशास्त्र आहे. एकच पथ्य पाळा. भागधारकांच्या सभेत ‘विक्रमी वर्ष’ म्हणून छापलेला चकचकीत अहवाल आणि दिल्लीत दाखल केलेले रडके तक्ते एकाच पिशवीत ठेवू नका.

इजेचे मापही समजून घ्या, ते फार उदार आहे. तुमचा उत्पादन खर्च घेतात, त्यावर गुंतवलेल्या भांडवलाच्या 22 टक्के परतावा मिळवतात आणि येणाऱ्या आकड्याला ‘इजा न करणारी किंमत’ म्हणतात. परदेशी माल बंदरात त्याखाली उतरला, की तो फरक म्हणजे तुमची इजा. मग ही इजा आणि डंपिंगचा फरक यांतला लहान आकडा शुल्क म्हणून लावतात, इतका संयम सरकार पाळते. पण 22 टक्के! एवढे व्याज देण्याची पाटी एखाद्या पतसंस्थेने लावली, तर मराठवाड्यातले पोळलेले ठेवीदार दुसऱ्या दिवशी सकाळी ठेवी काढायला रांग लावतील. तुम्हाला मात्र 22 च्या खाली गेलात की दुखते, आणि त्या दुखण्याला सरकारी मान्यता आहे.

4. तारे लावा. अर्जाच्या दोन प्रती असतात. गोपनीय प्रत सरकारला आणि सार्वजनिक प्रत जगाला. सार्वजनिक प्रतीत खर्च, किंमत, नफा यांच्या जागी तीन-तीन तारे छापायचे. अगदीच उघडे वाटले तर पहिल्या वर्षाला 100 धरून पुढे 96, 91, 88 असे निर्देशांक द्यायचे. कशाचे 100, हे विचारायचे नसते. विरोधकाने याच ताऱ्यांकडे बघून तुमचे म्हणणे खोडायचे असते. श्रावणातल्या अमावास्येला नळदुर्गच्या तटावरूनही इतके तारे दिसत नाहीत.

5. चीनचे भविष्य सांगा. झालेली इजा पुरत नसेल तर होऊ घातलेली वापरा. तिकडे क्षमता अफाट आहे, घरची मागणी मंद आहे, इतर देशांनी दारे लावली आहेत, मग माल इकडेच येणार. हे बरेचदा खरेही असते, आणि म्हणूनच ते बेफिकीरपणे लिहिता येते. तिथला भाव किती, यात डोके घालू नका. चीनची किंमत बाजाराने ठरलेली नाही असे मानून ती दुसऱ्या देशावरून किंवा तुमच्याच खर्चावरून रचता येते. त्यांनी काय भावाने विकायला हवे होते, ते तुमच्या हिशेबवहीतून निघते. शेजाऱ्याशी भांडताना आपल्याला ही सोय मिळत नाही.

6. वापरकर्त्यांना प्रेमाने वागवा. ट्रॉलीवाले, तुमची पायरी आली. तुम्हालाही प्रश्नावली मिळते, हिंदी किंवा इंग्रजीत, आणि मोजक्या दिवसांत ती भरून द्यायची असते. सुनावणीत बोलता येते. बोललेले पुन्हा लेखी द्यावे लागते, नाहीतर ते बोललेले नसते. तुम्ही सांगाल, पत्रा महागला, शेतकरी जुनीच ट्रॉली वेल्डिंग मारून वापरतोय. त्यावर देशी उद्योग गणित मांडेल की शेवटच्या वस्तूच्या किमतीवर शुल्काचा परिणाम नगण्य आहे. टाळ्या वाजवा. तेच शुल्क गेले तर उद्योग भुईसपाट होतो आणि राहिले तर कोणाला कळतही नाही, असे हे चमत्कारी शुल्क आहे.

वाशी-भूमच्या माळावरच्या पवनचक्क्या बघा. चीनहून येणाऱ्या पवनचक्कीच्या बिडाच्या ओतीव भागांवर गेल्या दशकात भारताने शुल्के बसवली. ओतणाऱ्याची इजा त्यात दशांशापर्यंत मोजली, चक्की उभारणाऱ्याचे म्हणणे नोंदवले. ज्याच्या बांधावरून त्या चक्कीचा रस्ता गेला आणि जो मोबदल्यासाठी हेलपाटे घालतोय, त्याच्यासाठी प्रश्नावलीत रकाना नाही. तो उत्पादकही नाही, आयातदारही नाही, वापरकर्ताही नाही. नुसताच शेतकरी आहे.

7. अर्थ मंत्रालयाला विसरू नका. डीजीटीआर फक्त शिफारस करते. शुल्क बसवायचे की नाही, हे अर्थ मंत्रालय तीन महिन्यांत ठरवते. 1 फेब्रुवारी 2022 च्या अर्थसंकल्पात धातूंचे भाव चढल्याचे सांगून स्टेनलेस स्टील, लेपित पोलादी पत्रे, मिश्र पोलादाच्या सळ्या अशा काही मालांवरची शुल्के एका झटक्यात काढून टाकली होती. असे झाले तर खचू नका, दुसऱ्या दाराने या. फेब्रुवारी 2016 मध्ये 173 पोलादी मालांना किमान आयात किंमत लावली होती, ते एक दार. बीआयएसच्या शिक्क्याशिवाय माल आत नाही, हे दुसरे. 21 एप्रिल 2025 पासून सपाट पोलादावर 200 दिवसांसाठी 12 टक्के सेफगार्ड शुल्क लावले, हे तिसरे. इजा, बिजा, तिजा.

8. सोयाबीनवाल्यांनी हा प्रयोग घरी करू नये. जिल्ह्यातून ही शंका येणार, म्हणून आधीच सांगतो. परदेशी तेलाच्या लोंढ्याने भाव पडतो, तर आम्हीही इजेचा अर्ज करू का? नाही. आयात होते ते तेल आणि तुम्ही पिकवता ते बी. नियमाला ‘सारखा माल’ लागतो. तेलाचा उत्पादक म्हणून अर्ज करायचा हक्क गिरणीवाल्याचा, आणि कच्चे तेल स्वस्त आले तर शुद्धीकरण करणाऱ्याला इजा होत नाही, फायदा होतो. शिवाय 25 टक्के उत्पादनाचा पाठिंबा म्हणजे काही लाख सातबारे जीवनताराच्या जिन्यावरून चढवावे लागतील. तुमच्या खर्चावर 22 टक्के परतावा कुणी धरलेला नाही, आणि तुमच्या तोट्यावर तारेही छापत नाहीत. तो बाजार समितीत सगळ्यांसमोर पुकारला जातो.

तुमच्यासाठी वेगळी, पुष्कळ वेगवान व्यवस्था आहे. 28 मे 2025 रोजी केंद्राने सोयाबीनचा हमीभाव 436 रुपयांनी वाढवून 5,328 रुपये क्विंटल जाहीर केला. 30 मे रोजी कच्च्या सोयाबीन, पाम आणि सूर्यफूल तेलावरचे मूळ आयात शुल्क 20 टक्क्यांवरून 10 टक्क्यांवर आणले. पेरणी तोंडावर होती. प्रश्नावली निघाली नाही, सुनावणी झाली नाही, आणि मुदत संपण्याआधी अर्ज करा, असे कुणी सांगितलेही नव्हते.