समझोता घडवून आणणाऱ्या भाऊसाहेबांस

गावाचे आधारस्तंभ, माननीय भाऊसाहेब यांस,

सा. न. वि. वि.

आपलं नाव पत्रात घालत नाही. घातलं तर गाव कळेल, गाव कळलं की मुलगी कळेल, आणि तिची ओळख उघड करायला कायद्याने मनाई आहे. शिवाय आपल्यासारखी मोठी माणसं एकाच गावात थोडीच असतात! शहरात आपण सोसायटीचे चेअरमन असता, वाडीत पंच, नात्यात थोरले मामा. सगळीकडे पोचावं म्हणून पत्र खुलं लिहिते आहे.

सर्वप्रथम आपल्या तत्परतेबद्दल आभार. तेरा वर्षांच्या मुलीने रात्री आईला सांगितलं, आई पहाटे तिला घेऊन पोलीस ठाण्याला निघाली, आणि एसटी यायच्या आत आपण थांब्यावर हजर! हातात मोबाइल होता. १०९८ हे चार आकडे दाबले असते तर मदत सुरू झाली असती. आपण मुलीच्या काकाला फोन लावलात. ज्याच्याबद्दल ती बोलली होती, त्यालाच.

‘घरातली गोष्ट घरात राहू द्या’ हा आपला सल्ला अमूल्य. गोष्ट घरातलीच होती, खरं आहे. पॉक्सोच्या गुन्ह्यांत नव्वद टक्क्यांहून अधिक आरोपी मुलाच्या ओळखीतले असतात, हे सरकारचेच गुन्ह्यांचे अहवाल वर्षानुवर्षे सांगतात. म्हणून तर ती घराबाहेर न्यावी लागते, भाऊसाहेब. त्या घरात तिचं ऐकायला आईशिवाय होतं कोण?

मग पाचशेचा स्टॅम्प पेपरही आपणच आणलात, स्वखर्चाने. ‘तक्रार करण्याचा विचार गैरसमजातून आला होता’ हे वाक्यही आपलंच. किती नेमकं लिहिता आपण! आईने सही केली, मुलीला कुणी विचारलं नाही. हा गुन्हा आपसात मिटवण्याजोगा नाही. राजस्थानातल्या एका शिक्षकावरचा गुन्हा समझोता झाला म्हणून तिथल्या उच्च न्यायालयाने रद्द केला होता. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये तो आदेश फिरवला. आपल्या कागदाची किंमत कोर्टात पाचशे रुपयेसुद्धा नाही.

तरी त्या कागदाने आपलं काम केलंच. आईने पुन्हा हिंमत केली तोवर तीन आठवडे उलटले होते. वैद्यकीय तपासणीत सापडायचं ते सापडण्याची वेळ निघून गेली. पोलिसांनी त्या दिवशीचे कपडे मागितले, तेव्हा आईने ते धुतलेले, व्यवस्थित घडी घातलेले आणून दिले. आता आरोपीचे वकील तिला एकच प्रश्न फिरवून फिरवून विचारतात: एवढं घडलं होतं तर तक्रारीला उशीर का? त्यांनी तो आपल्याला विचारायला हवा.

आपल्या कृपेने काकाला सगळ्या गावाने धीर दिला. तो जामिनावर सुटून त्याच घरात राहतो. मुलीला मात्र घर सोडावं लागलं. बालकल्याण समितीने तिला बालगृहात पाठवलं, कारण त्या छपराखाली ती सुरक्षित नव्हती. ‘संस्थेत गेली म्हणजे मुलगी वाया गेली,’ असं आपण चावडीवर म्हणालात. नाही गेली. ती शाळेत जाते, गणितात हुशार आहे, आणि आईची भेट ठरली की आदल्या दिवसापासून जेवत नाही. हे सगळं तिनेच का सोसायचं, याचं उत्तर मला अजून कुणी दिलेलं नाही.

आपलं समुपदेशन तर काय वर्णावं! ‘विसरून जा बाळ, शहाणी ना तू?’ एका वाक्यात उपचार पूर्ण. आमच्या समुपदेशक ताईंना हे कसब नाही. त्यांनी कितीतरी दिवस त्या प्रसंगाबद्दल अवाक्षरही विचारलं नाही. झोप लागते का, जेवतेस का, एवढंच. दाराकडे पाठ करून मुलगी बसत नाही हे त्यांच्या लक्षात आलं, तेव्हा त्यांनी खोलीतल्या खुर्च्या फिरवून घेतल्या. त्यानंतर ती बोलायला लागली.

मनोधैर्य योजनेचा अर्ज आम्ही जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे केला, तेव्हा ‘पैशासाठीच केस केली’ ही बातमी गावभर पोचवण्याचे कष्टही आपणच घेतलेत. २०१३ पासून चालत आलेली सरकारी योजना आहे ती. उपचाराला, शिक्षणाला, पुन्हा उभं राहायला. समझोत्यात आपण दोन लाख ठरवले होते, ते कशासाठी होते?

आणि तारखेला आपली उपस्थिती! कायदा म्हणतो, न्यायालयाने दखल घेतल्यापासून तीस दिवसांत मुलाची साक्ष व्हावी, शक्यतो वर्षभरात खटला संपावा. आमची तारीख पुढे जात राहते, पण आपण एकदाही चुकत नाही. साक्षीच्या वेळी आरोपी मुलीला दिसू नये म्हणून कोर्टात पडदा लावतात. व्हरांड्यात पडदा नसतो. तिथे बाकावर तिचा हात माझ्या हातात होता. आपण आलात, तिच्या डोक्यावर हात ठेवलात आणि मायेने म्हणालात, ‘बाळ, विचार करून बोल हं.’ तिची नखं माझ्या तळव्यात रुतली.

एवढे उपकार केलेत, तर आणखी एक करावा. पुन्हा तिच्या जवळ येऊ नका. व्हरांड्यात, शाळेच्या फाटकाशी, तिच्या आईच्या दारात, कुठेही. सरकारी वकिलांच्या कानावर आम्ही हे घातलं आहे.

जाता जाता, आपल्याला कायद्याची आवड म्हणून: असा गुन्हा कळल्यावर तो पोलिसांना न कळवणं हाही पॉक्सोच्या कलम २१ खाली गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही. एसटीच्या थांब्यावर आपल्याला कळलं होतं. तसा अर्ज आम्ही दिला आहे.

तेव्हा या पत्राला उत्तर पाठवण्याची तसदी घेऊ नये. आपला जबाब पोलीसच नोंदवून घेतील.

कळावे,
त्या मुलीसोबत कोर्टात येणारी सपोर्ट पर्सन