डाव्या बाजूचा पाहुणा

केळीच्या पानाला दोन बाजू असतात. डावीकडे मीठ, लिंबाची फोड, चटणी, कोशिंबीर. उजवीकडे भाजी, उसळ, वडे आणि बाकीचा सगळा संसार. डावीकडचं बोटाने चाटायचं आणि उजवीकडचं हाताने ओढायचं, ही पिढ्यान्‌पिढ्यांची वहिवाट. अलीकडे मात्र काही चाकरमानी चतुर्थीला गावी येतात ते नुसत्या डाव्या बाजूवर जगायला. विस्तवाला लागलेलं आम्ही खात नाही, म्हणतात. राजापूर मतदारसंघाने 1957 पासून 1991 पर्यंत आधी नाथ पै आणि मग मधु दंडवते असे समाजवादीच दिल्लीला पाठवले. त्यानंतर डाव्या बाजूवर इतकी निष्ठा आमच्याकडे प्रथमच दिसते आहे.

आमचा एक भाचा या पंथात गेला आहे. पंथाचा नियम असा, की साधारण 42 ते 48 अंश सेल्सिअसच्या वर काहीही तापवायचं नाही. हा आकडा नक्की कितीचा यावर गुरूंमध्ये मतभेद आहेत, पण शिष्यांच्या चेहऱ्यावर ते दिसत नाहीत. सुरुवातीला आम्हाला वाटलं, यात कसली अडचण? अर्धं मालवण आधीपासूनच कच्चं खातं. शहाळं, अडसर, आवळे, करवंदं, काजूची बोंडं, पावसाळ्यात काकडी आणि चिबूड. सोलकढीला तर चूल दिसतच नाही. आगळ, हाताने पिळलेला नारळाचा रस, लसूण, मिरची, कोथिंबीर, झालं. आमसुलं म्हणजे रातांब्याच्या साली, पुन्हापुन्हा त्याच फळाच्या रसात भिजवून उन्हात वाळवलेल्या. नियमाचं पुस्तक काटेकोर वाचलं तर मीठ लावून खळ्यात वाळत घातलेला बांगडासुद्धा कच्च्या आहारात बसतो. हे आम्ही भाच्याला सांगितलं तेव्हा त्याने आमच्याकडे असं पाहिलं, की आम्ही तो बांगडा त्याच्या डोक्यावरच वाळत घातला आहे.

अडचण पदार्थाची नाहीच. अडचण आहे ती पंगतीची. आमच्या तालुक्यात ‘जेवतलंस मा?’ हा प्रश्न नसतो, नोटीस असते. तिला ‘नाही’ हे उत्तर देता येतं, पण त्याचे अर्थ ठरलेले आहेत. एक, पोट बिघडलं आहे. दोन, सामायिक जमिनीच्या दाव्यात पुढची तारीख पडली आहे. तीन, मुंबईला जागा घेतल्यापासून तुम्हाला आमच्या हातचं चालत नाही. पहिल्या दिवशी पोरगा चार घरी आरतीला गेला आणि चारही घरी काळ्या वाटाण्याचं सांबारं नाकारून आला. दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या चुलत्यांनी थोरल्या बंधूंना बाजूला घेऊन विचारलं, “खरा सांग, तुमी वकील बदललास काय?”

बायकांची चौकशी वेगळी असते, जास्त प्रेमळ आणि म्हणून जास्त भयंकर. “बरो आसस मा रे? बारीक झालंस. मगे जेवूक बसणस नाय कित्या? आमच्या हातचा चालणा नाय काय आता?” भाचा बिचारा एन्झाइम समजावून सांगत होता. शिजवलं की एन्झाइम मरतात, म्हणे. एका म्हातारीने शांतपणे ऐकून घेतलं, पाटावर एक वडा ठेवला आणि म्हणाली, “ह्येच्यात मेलेला कायएक नाय हा, शिवराक आसा. खा.”

तसं पाहिलं तर पथ्याच्या बाबतीत महाराष्ट्र मागासलेला नाही. दिवसातून दोनदाच आणि प्रत्येक वेळी 55 मिनिटांच्या आत जेवा, असं डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी सांगितलं तेव्हा लग्नाच्या हॉलात लोक मंगलाष्टकांपेक्षा घड्याळाकडे जास्त पाहत होते. पण ते पथ्य समाजाने पोटात घेतलं, कारण 55 मिनिटांत काय खायचं नाही हे त्यात फारसं कोणी ऐकलंच नाही. वेळ पाळायची आणि ताट भरायचं, हे आपल्याला जमतं. कच्च्या आहाराचं तसं नाही. तो माणसाला ताटावरूनच उठवतो.

आणि हा रोग परदेशातून आला असंही म्हणायची सोय नाही. खुद्द गांधीजींनी 1929 साली साबरमतीत हा प्रयोग केला होता. 8 तोळे मोड आलेले गहू, 8 तोळे वाटलेले बदाम, 8 तोळे कुटलेला पाला, 6 लिंबं आणि वर मध. गव्हाऐवजी हरभरे घेतले तर बदामाच्या जागी नारळाचं दूध. ते ‘यंग इंडिया’त वाचकांना प्रयोगाची हकिगतही सांगत होते. मग आमांश झाला आणि त्याच वर्षी प्रयोग थांबवावा लागला, तेही त्यांनी छापून टाकलं. पुढे 1946 साली त्यांनीच पुण्याजवळ उरुळी कांचनला निसर्गोपचार आश्रम काढला, म्हणजे निसर्गावरचा विश्वास काही उडाला नव्हता. ही गोष्ट आम्ही भाच्याला मुद्दाम सांगितली. त्याला त्यातले फक्त बदाम आवडले. आमांश छापून टाकण्याची पद्धत मात्र आजच्या आहारगुरूंमध्ये राहिलेली नाही. त्यांचं पोट कायम कॅमेऱ्यासमोर असतं आणि कायम सपाट असतं.

भाचा मुंबईहून येताना आपली शिदोरी घेऊन आला होता. त्यात एक पाकीट होतं, त्यावर ठळक अक्षरांत ‘रॉ काजू’. वेंगुर्ल्याच्या काजूला भौगोलिक मानांकन असलेल्या जिल्ह्यात हा मनुष्य अंधेरीहून काजू घेऊन उतरला! बरं, कच्चे म्हणून विकतात ते काजू कच्चे नसतातच. काजूच्या टरफलात जे तेल असतं ते कातडीला लागलं की फोड येतात. म्हणून कारखान्यात बी आधी वाफवतात किंवा भाजतात, मग फोडतात आणि वर गर पुन्हा उष्णतेवर सुकवतात, त्याशिवाय त्याची साल सुटत नाही. खरा कच्चा गर हवा तर फाल्गुन-चैत्रात यावं आणि ओल्या बिया चिरणाऱ्या बाईच्या बोटांकडे बघावं. राख किंवा तेल चोळूनही ती काळी पडलेली असतात, सालपटं निघालेली असतात. ते काजूगर आमच्याकडे उसळीत जातात. कच्चे खाऊन आरोग्य मिळवावं असं त्या बाईला अजून कोणी सुचवलेलं नाही.

ऋषिपंचमीच्या सकाळी तर अनर्थच व्हायचा होता. भाचा परसात हिंडून हिरवीगार पानं खुडून आणत होता, मिक्सरमध्ये फिरवून पिण्यासाठी. त्यात अळू होतं. आमच्या आईने ते मांजराच्या तोंडातून पेडवा काढावा तसं त्याच्या हातून काढून घेतलं. “गळो खाजतलो रे, मेल्या!” अळूत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात आणि ते कच्चं खाल्लं तर घशात टोचतात, हे तिला कोणत्याही शाळेत शिकवलेलं नाही. तिला एवढंच ठाऊक, की अळू, सुरण आणि बांबूचे कोंब यांची विस्तवाशी गाठ घातल्याखेरीज त्यांना पोटात प्रवेश नाही. रिचर्ड रँगम नावाच्या शास्त्रज्ञांनी 2009 साली अख्खं पुस्तक लिहून मांडलं, की माणूस माणूस झाला तो शिजवून खायला लागल्यामुळे. आमच्या आईने तो सिद्धांत एका वाक्यात आणि एका शिवीत बसवला.

आता वहिनींचं सांगायला हवं. भाचा चुलीवरचं खाणार नाही असं कळलं तेव्हा घरात खूश झालेल्या त्या एकट्याच. चतुर्थीच्या दिवसांत पहाटेपासून वडे थापणाऱ्या, मोदक वळणाऱ्या आणि भजनी मंडळ येईल तेव्हा पुन्हा उसळ गरम करणाऱ्या बाईला एक पान कमी म्हणजे देवाने नवस ऐकल्यासारखंच. तो आनंद दुपारपर्यंत टिकला. मग यादी आली. नारळ खवून, वाटून, पहिला आणि दुसरा रस वेगळा काढायचा. बदाम रात्री भिजवून सोलायचे. दुधी किसायचा, पण पाणी पिळायचं नाही. मूग मोडाचे हवेत, पण मोड फार लांब नकोत. काकडी बारीक, गाजर लांबट. वहिनी आडाळ्यावर, म्हणजे विळीवर, बसल्या त्या बसल्याच. शेजारी चुलीवर सगळ्या घराचं जेवण होऊन उतरलं तरी एका माणसाचं न शिजवलेलं जेवण काही तयार होईना. चूल सोडणाऱ्या या क्रांतिकारकाला आडाळ्यावर बसलेलं मात्र कोणी पाहिलं नाही. तो झोपाळ्यावर बसून निसर्गाकडे परतण्याविषयी बोलत होता.

लग्नात त्याची सोय बरी होते, असं तो म्हणतो. हॉलात बुफेच्या टोकाला एक टेबल असतं. त्यावर टोमॅटोचे गुलाब, गाजराची फुलं आणि कलिंगडावर कोरलेली वधूवरांची नावं. ते खायचं नसतं, त्यापुढे फोटो काढायचे असतात. गेल्या मे महिन्यात कणकवलीच्या एका लग्नात आमच्या भाच्याने नवऱ्या मुलाचं आडनाव खाल्लं. केटररने पोलिसांना बोलावलं नाही, हा त्याचा मोठेपणा.

आंगणेवाडीच्या जत्रेत त्याला सुटका वाटली होती. तिथे भराडीदेवीचा नैवेद्य रांधणाऱ्या बायका एक शब्द बोलत नाहीत, तसा रिवाजच आहे. ‘अजून घे’ म्हणणारं कोणी नाही. पण प्रसादाला ‘नको’ म्हणायची तिथे मंत्र्यांनासुद्धा हिंमत नसते, तर भाच्याची काय कथा! भाताची ती चार शितं त्याने गिळली आणि तीन दिवस त्याची नोंद मोबाइलमध्ये ‘अपघात’ म्हणून ठेवली.

शेवटी आम्हीच त्याला वाट दाखवली. म्हटलं, बाबा रे, तुझं कारणच चुकतं आहे. आपल्याकडे प्रकृतीसाठी कोणी काही सोडलं तर त्याला कोणी विचारत नाही. मधुमेहवाल्याला बघ. त्याच्या पानावर ‘एकान काय होता नाय’ म्हणत मोदक पडतोच, आणि वर तूपही पडतं. पण तोच माणूस ‘संकष्टी आहे’ म्हणाला, की वाढणारी जागच्या जागी थबकते. श्रावण पाळणाऱ्याला कोणी सुरमई वाढत नाही. माळकऱ्याला कोणी कालवणाचा आग्रह करत नाही. सोमवार, गुरुवार, सुतक, सोवळं, सगळ्याला पंगतीत मान आहे. डॉक्टरचं कोणी ऐकत नाही आणि देवाला कोणी उलट विचारत नाही. तेव्हा एन्झाइम सोड आणि सांग, नवस आहे.

उपाय रामबाण ठरला. आरतीला कुठल्याही घरात गेला, तरी ‘नवस आहे’ म्हटल्याबरोबर आग्रह बंद. उलट म्हाताऱ्या त्याच्या तोंडावरून हात फिरवून बोटं मोडू लागल्या. ज्या पोराला काल गोरवांचं खाणं खातो म्हणून हसत होत्या, त्यालाच आज काकडी सोलून देऊ लागल्या. चुलत्यांचाही संशय फिटला. वकील तोच आहे, हे कळून त्यांना बरं वाटलं. दोन दिवस भाचा गावात पुण्यवान म्हणून वावरला.

तिसऱ्या दिवशी गावकारांनी विचारलं, “नवस खंयच्या देवाचो?” भाच्याला देव आठवेना. त्याने घाबरून वाडीच्या टोकाच्या राखणदाराकडे बोट केलं. झालं! संध्याकाळी नारळ ठेवून तिथे गाऱ्हाणं घातलं. गावकारांचा आवाज पार नदीपलीकडे गेला असेल.

“बा देवा राखणदारा म्हाराजा, ह्या लेकरान जो काय कच्चो-हिरवो नवस तुका बोललो हा, तो मान्य करून घे रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” आम्ही सगळे.

“तेच्या प्वॉटात काय वाकडा-नाकडा असात तर ता दूर कर, आणि जो कोन मोबायलातसून तेका ही बुद्धी देता हा, तेचा तोंड बंद कर रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” यात वहिनींचा आवाज सगळ्यांत मोठा होता.

मग व्यवहाराचं बोलणं निघालं. या राखणदाराचा नवस कोंबड्यावर फिटतो. चतुर्थीत ते शक्य नाही, तेव्हा दिवाळीला येशील तेव्हा फेड, असं ठरलं. नवस बोलणाऱ्याने प्रसाद घ्यायलाच हवा, हीसुद्धा वहिवाट. भाच्याचा चेहरा आगळ न घातलेल्या सोलकढीसारखा पांढरा झाला. थोरल्या बंधूंना दया आली. त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

“घाबरा नको. तुझ्या वाट्याचो आमी खातंव. तू फकस्त पैसे दी.”