ड्रायव्हर सावरला, काम गेलं

चैत्री पौर्णिमा जवळ आली की येरमाळ्यात फ्लेक्सचं काम करणाऱ्याला जेवायला फुरसत नसते. येडेश्वरीच्या यात्रेला लाखोंनी भाविक येतात. सोलापूर-धुळे महामार्गापासून डोंगराच्या पायथ्यापर्यंत स्वागताचे फलक लागतात, आणि प्रत्येकाला आपला फलक पालखी आमराईत जायच्या आत उभा हवा असतो. लॅपटॉपचा पडदा काळा पडतो तो नेमका याच दिवसांत.

क्षणभर सगळं काळं होतं, मग डेस्कटॉप परत दिसतो. कोपऱ्यात कधी सूचना येते, कधी येतही नाही: डिस्प्ले ड्रायव्हर प्रतिसाद देत नव्हता, आता तो सावरला आहे. ड्रायव्हर सावरला असेल, पण कोरलड्रॉ बंद पडलेलं असतं. पुन्हा उघडल्यावर बॅकअपची फाईल मिळते, ती शेवटच्या बदलांच्या आधीची.

हे शेवटचे बदल म्हणजे काय, ते या कामातल्या माणसालाच कळेल. वीस बाय दहा फुटी फलकाच्या तळाला शुभेच्छुकांची रांग असते. फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर येतात, कुणाचा लग्नातला, कुणाचा मोटारसायकलवरचा. प्रत्येकाच्या मागची भिंत काढायची, पेन टूलने केसांच्या कडा कापायच्या, चेहऱ्यावर उजेड आणायचा, खाली सावली टाकायची. कुणाशेजारी कोण, कुणाचा फोटो किती मोठा, हे फोनवर ठरतं आणि फोनवरच बदलतं. बॅकअपमधून परत येते ती भांडण मिटायच्या आधीची रांग. तीच चुकून छपाईला गेली तर गावात तोंड दाखवायची सोय राहत नाही.

यामागचं कारण साधं आहे. व्हिस्टापासून विंडोज ग्राफिक्स कार्डाच्या उत्तराची 2 सेकंद वाट बघतं. तेवढ्यात उत्तर आलं नाही तर कार्ड अडकलं असं धरून ड्रायव्हर नव्याने सुरू करतं. सोय चांगल्या हेतूने केली आहे, नाहीतर पूर्ण मशीनच गोठतं. पण पारदर्शक थर आणि सावल्यांनी भरलेली फाईल, एप्रिलमधला मराठवाड्याचा उन्हाळा आणि जाळीत धूळ बसलेला पंखा असं सगळं एकत्र आलं की 2 सेकंद पुरत नाहीत. रजिस्ट्रीत ही मुदत वाढवता येते. मात्र ती नोंद चाचणी घेणाऱ्यांसाठी आहे, रोजच्या वापरासाठी नाही, असं विंडोजच्याच कागदपत्रांत लिहिलंय.

मग ड्रायव्हर बदला म्हणतात. लॅपटॉप कंपनीचा ड्रायव्हर जुना, चिप बनवणाऱ्या कंपनीचा नवा. त्यातही एक खेळांसाठी आणि एक डिझाईनच्या कामासाठी. फाईल शेकडो एमबीची, ती मोबाईलच्या हॉटस्पॉटवर उतरवायची, तीही मध्येच लाईट न जाता. सेफ मोडमध्ये जुना ड्रायव्हर मुळासकट काढायचा, नवा बसवायचा. एवढं करून काम सुरळीत चालू होतं, आणि एका सकाळी आपोआप आलेलं अपडेट त्यावर आपला ड्रायव्हर बसवून मोकळं होतं. कुणी विचारत नाही. माझ्या पोटाचं साधन असलेल्या यंत्रात मला न विचारता बदल होतो, आणि माझा खरा राग यावरच आहे.

सेवा केंद्राला फोन केला की सांगतात, फॅक्टरी रीसेट करा. म्हणजे मराठी फॉन्ट, परवाने, रंगांची मांडणी सगळं पुन्हा बसवा, तेही यात्रेच्या तोंडावर. फोटोशॉपच्या सेटिंगमध्ये ग्राफिक्स प्रोसेसरची खूण काढली की तिथला त्रास थांबतो, पण मग झूम अडखळतो आणि काही सोयी बंद होतात. चांगलं कार्ड असावं म्हणून जास्तीचे पैसे मोजलेले असतात. ते कार्ड वापरू नका, हा उपाय मला मान्य नाही.

माझी मागणी एवढीच: ड्रायव्हर बदलण्याआधी विंडोजने एक प्रश्न विचारावा, आणि ड्रायव्हर कोसळला तर कोणत्या प्रोग्रॅममुळे कोसळला हे समोर दाखवावं. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये 4101 क्रमांकाची नोंद होते, पण ती शोधायची कुठे हे गिऱ्हाईक दारात उभं असताना कोण बघणार?

सध्या अपडेट थांबवून ठेवलंय. विंडोज ते जास्तीत जास्त 5 आठवडे थांबवू देतं. त्यानंतर आधी साठलेली अपडेट घ्यावी लागतात, मगच पुन्हा थांबवता येतं. चैत्री पौर्णिमेपासून 5 आठवडे मोजले तर ऐन लगीनसराई येते, आणि तेव्हाचे फलक तर मुहूर्ताच्या आदल्या रात्री सांगितले जातात.