बिनसायकल्या

विद्यापीठाच्या आवारात फिरायला सायकल लागते का, हा प्रश्न ज्याच्याकडे सायकल आहे त्याला कधी विचारू नये. तो बिचारा वॉलट्यूबपासून सुरुवात करतो आणि चोरीला गेलेल्या घंटीवर येऊन गहिवरतो. विचारायचंच तर ज्याच्याकडे सायकल नाही त्याला विचारावं. त्यातही जो वसतिगृहात चांगला मुरलेला आहे, ज्याचं एक एम. ए. होऊन दुसरं सुरू आहे आणि खोली तिसऱ्या मजल्यावर असूनही ज्याची नजर कायम खालच्या सायकल स्टँडवर असते, असा माणूस गाठावा. "छे! सायकल कशाला लागते? काय अंतर आहे?" एवढं बोलून तो कुणाच्या तरी सायकलवर टांग टाकतो आणि निघून जातो.

हा बिनसायकल्या. मोठं आवार असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेत तो सापडतो, पण त्याचं उत्तम वाण पाहायचं असेल तर गणेशखिंडीत, सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात जावं. तिथल्या मातीत तो फोफावतो, आणि दोष मातीचाच आहे. एक तर आवार ४११ एकरांचं. शिवाय ते मुळात विद्यार्थ्यांसाठी आखलेलंच नाही. आज जी मुख्य इमारत म्हणून ओळखली जाते तो मुंबईच्या गव्हर्नरचा पावसाळी मुक्काम. बार्टल फ्रेअर साहेबांच्या कारकिर्दीत १८६४ साली काम निघालं, ते १८७१ पर्यंत चाललं आणि खर्चावरून त्या काळीही बोंबाबोंब झाली. गव्हर्नर काही पाठीला सॅक अडकवून फाटकापासून चालत येणार नव्हता. त्याच्या दारात घोडागाडी उभी असे, त्यामुळे फाटक आणि दार यांच्यात किती अंतर असावं याची फिकीर कुणाला नव्हती. १९४९ साली विद्यापीठ स्थापन झालं आणि मग विभाग एकेक करून, जिथे जागा मिळाली तिथे, झाडीत बसत गेले. आता एखाद्या पोराला फाटकापाशी बसमधून उतरून आपल्या विभागात, तिथून जयकर ग्रंथालयात, तिथून अनिकेत कॅन्टीनला आणि जेवायच्या वेळेला वसतिगृहावर पोचायचं म्हटलं, तर गव्हर्नरच्या घोड्याचं काम त्याला स्वतःच्या दोन पायांवर करावं लागतं. किलोमीटरभर जायला चालत बारा मिनिटं, सायकलवर चार. वरच्या आठ मिनिटांत तासाची हजेरी होऊन जाते. सर वेळेवर आलेले असतात, कारण सर मोटारीने येतात.

हे गणित बिनसायकल्याइतकं कुणालाच पाठ नाही. म्हणूनच तर तो सायकल घेत नाही. घेतली तर ती एकच असेल. आज त्याच्याकडे वसतिगृहातल्या सगळ्या आहेत.

"जरा सायकल दे" असं तो चुकूनही म्हणत नाही. ते नवशिक्यांचं काम. "अरे, तुझी सायकल खाली उन्हात उभी आहे. टायर जातील. सावलीत लावून येतो," असं तो म्हणतो, आणि ही सावली त्याला थेट ग्रंथालयापाशी सापडते. किंवा "मागच्या चाकात हवा कमी वाटते बघ. मी फाटकाकडे चाललोच आहे, मारून आणतो." संध्याकाळी सायकल परत येते. हवा होती तेवढीच, किंबहुना थोडी कमीच. "हवावाला जेवायला गेला होता रे," असं सांगताना त्याच्या आवाजात त्या हवावाल्याबद्दल खरोखरीची नाराजी असते. मालक दुपारचा डुलकी घेत असेल तर मग विचारायचीही गरज नसते. किल्ली टेबलावर कुठे असते हे त्याला माहीत असतं. मालकाला ती शोधावी लागते.

माणूस पाहून तो संबोधन बदलतो. कोल्हापूरच्याला तो 'भावा' म्हणतो, नागपूरच्याला 'भाऊ', सोलापूरच्याला 'मालक'. सोलापूरचा हमखास बळी पडतो. एवढ्या आदराने कुणी आपलं स्वामित्व मान्य केल्यावर किल्ली द्यायला नाही म्हणणार कसं? अस्सल पुणेकराच्या वाटेला तो जात नाही. पुणेकर घरून स्कूटरवर येतो आणि पेट्रोलचा विषय स्वतःच काढतो.

एका वर्गाला मात्र तो टरकून असतो. मागास तालुक्यांत आठवी ते बारावीच्या मुलींना मानव विकास कार्यक्रमातून शाळेला जायला सायकली मिळतात. अशा सायकलवर चार-पाच किलोमीटर तुडवत, वाटेत चेन पडली तर हाताने चढवत, बारावी होऊन विद्यापीठात आलेल्या मुली असतात. त्यांची ती सायकल आता गावाकडे धाकट्या बहिणीकडे असते आणि इथे त्या चक्क चालतात. या मुलींपैकी कुणी नवी सायकल घेतलीच तर बिनसायकल्या ती मागायला जात नाही. एकदा जाऊन पाहिलं होतं म्हणे. "का? पाय दुखतात का?" एवढंच विचारलं गेलं, आणि तेही काळजीच्या सुरात.

सायकलींची त्याची जाण मात्र वादातीत. माणसांची नावं तो विसरतो, सायकली खोलीच्या नंबरानिशी लक्षात ठेवतो. दोनशे चारची चेन चढाला पडते, तेव्हा ती फक्त उताराच्या कामांना. तीनशे बाराला कॅरिअर आहे, ती गुरुवारी कपडे इस्त्रीला टाकायला. एकशे सहाची गिअरची आहे, दिसायला रुबाबदार, पण सीट म्हणजे पाटा; ती विभागात कुणावर छाप पाडायची असेल तेव्हाच. पावसाळ्यात फक्त मडगार्डवाल्या. बिनमडगार्डची सायकल आणणाऱ्या मुलांबद्दल त्याचं मत फारसं चांगलं नाही. चिखल कुणाच्या पाठीवर उडेल याचा विचार करत नाहीत, असं तो म्हणतो. पाठ त्याची असते.

सायकल परत करताना तो नुसती किल्ली देत नाही, अहवालही देतो. "पुढच्या ब्रेकचं रबर पार गेलंय रे तुझं. आज चौकात मरता मरता वाचलो." तो इतक्या जिव्हाळ्याने रागावतो की मालक ओशाळतो, "सॉरी यार, बदलतो," म्हणतो, आणि खरोखर दुसऱ्या दिवशी बदलतो. मी असेही मालक पाहिले आहेत ज्यांनी केवळ त्याच्या भीतीने सायकलचं ओव्हरहॉलिंग करून घेतलं. वसतिगृहातल्या सायकली एकंदरीत ठीक चालतात त्यात त्याच्या या देखरेखीचा वाटा आहे, हे कबूल करायला हवं. पंक्चरचं प्रकरण तेवढं वेगळं. पंक्चर झालेली सायकल तो अहवालाविना परत करतो. स्टँडवर मूळ जागी, मूळ कोनात, हँडल डावीकडे वळलेलं असेल तर डावीकडे वळवून. सकाळी मालक घाईघाईने बसतो, रिम जमिनीला टेकते, आणि रात्रीतून हवा गेली म्हणजे वॉलट्यूबच सडली असणार असं म्हणत तो वीतभर रबरी नळी विकत आणायला जातो.

त्याच्याकडे तत्त्वज्ञान नसतं असं समजू नका. समाजशास्त्राच्या विद्यार्थ्याशी बोलताना तो मालकी हक्काच्या मुळावरच घाव घालतो. डॉक्टरच्या मुलाला चालण्याचे फायदे सांगतो. आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेच्या आवारात आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन आणि आइनस्टाइन अशा चौघांचे पुतळे आहेत. तिथे एकदा फेरफटका मारून आल्यापासून, इतिहासाचा विद्यार्थी असूनही, तो भौतिकशास्त्रातही बोलू लागला आहे. "बाहेरून बल लावल्याशिवाय स्थिर वस्तू हलत नाही, हे न्यूटनचं म्हणणं. तुझी सायकल सोमवारपासून स्थिर आहे. मी ते बाहेरचं बल." भौतिकशास्त्राचा मुलगा यावर उत्तर शोधेपर्यंत बल आणि वस्तू दोन्ही नजरेआड झालेली असतात.

तसं पुण्याला हे नवं नाही. पुणं सायकलींचं शहर म्हणून मिरवत होतं, तासाच्या भाड्याने सायकल मिळत होती, नगरपालिका सायकलीवर कर घेऊन पितळी बिल्ला देत होती, तेव्हाही याचे पूर्वज होतेच. ते कॅरिअरवर बसत. डबलसीट हा गुन्हा असल्यामुळे चौकात पोलीस दिसला की ते आधी उडी मारून पादचारी होत आणि दंड भरायला मालक एकटा उरे. पुढे १९७२ साली लुना आली, पुण्याच्या पायांची सवय मोडली आणि कॅरिअरवाले मागच्या सीटवर सरकले. त्या मानाने आजचा बिनसायकल्या सुधारलेला. निदान पायडल स्वतः मारतो.

त्याच्यावर खरं संकट आलं ते २०१७च्या डिसेंबरात. स्मार्ट सिटीच्या योजनेतून औंधमध्ये आणि विद्यापीठाच्या आवारात भाड्याच्या सायकली आल्या. मोबाइलने कुलूप उघडा, हवं तिथे जा, काम झालं की सायकल ठेवून द्या. आयुष्यभर ज्या तत्त्वासाठी तो झटला तेच सरकारी इतमामाने अमलात आलं होतं, फक्त त्यात पैसे द्यायचे होते. भाडं नाममात्र होतं, पण प्रश्न तत्त्वाचा होता. काही दिवस त्याने दुसऱ्यांच्या मोबाइलवर भागवलं. मग सायकली भलत्याच ठिकाणी सापडू लागल्या, कुणी कुलपं तोडली, कुणी सीटा काढून नेल्या, आणि आवारातल्या त्या रंगीत सायकली हळूहळू दिसेनाशा झाल्या. तेव्हा वसतिगृहाच्या पायरीवर बसून, मांडीवर सोलापूरच्या मालकाची किल्ली फिरवत, तो म्हणाला, "मी पहिल्यापासून सांगत होतो. आपल्या लोकांना दुसऱ्याची वस्तू जपता येत नाही."

प्रवेशाच्या दिवसांत त्याला जरूर पाहावं. गावाहून बाप पोराला सोडायला आलेला असतो. गादी, बादली, शेंगदाण्याच्या चटणीची बरणी खोलीत पोचलेली असते. ४११ एकर पाहून बाप जरा धास्तावलेला असतो. पायरीवर बसलेला हा समंजस चेहऱ्याचा, वयाने थोडा मोठा मुलगा त्याला दिसतो आणि तो विचारतो, "का हो, इथं सायकल लागती का पोराला?"

आणि इथे बिनसायकल्या मत बदलतो.

"घ्याच काका. आवार फार मोठं आहे. पोराचे हाल होतील." मग तो उठून उभा राहतो. "गिअरची नको, दुरुस्तीला महाग पडते. साधी घ्या. बावीस इंचीत लहान वाटेल, चोवीस इंची घ्या." पोरगा जेमतेम पाच फूट तीन इंच. "वाढेल अजून," हा सांगतो. "मडगार्ड दोन्ही. कॅरिअर पाहिजेच. पुढे टोपली असली तर ग्रंथालयाची पुस्तकं आणायला बरी. आणि कुलूप आकड्यांचं घ्या, काका. किल्ली हरवते." बाप सद्गदित होतो. परमुलखात पोराला एवढा आपुलकीने सांगणारा भेटला म्हणून जाता जाता चटणीची निम्मी बरणी त्याच्याकडे देऊन जातो.

माझं मत विचाराल तर त्याच्या सल्ल्यात खोट काढायला जागा थोडीच आहे. गणेशखिंडीच्या आवारात सायकल लागते. रोज दोन विभागांत तास असतील, ग्रंथालयात बसायची सवय असेल, तर लागतेच. नुसतं वसतिगृह ते एक विभाग एवढंच असेल तर पाय पुरतात. नवी घेऊ नका. अखेरच्या परीक्षा झाल्या की घरी निघालेली मुलं जुन्या सायकली मिळेल त्या किमतीला देतात, त्यातली एखादी पाहून घ्या. ब्रेक आणि टायर तेवढे नवे टाका. मात्र फ्रेम आपल्या मापाची घ्या, त्याच्या नव्हे. सीट अगदी खाली ठेवा, त्याचे गुडघे हँडलला लागतात. आणि कुलूप किल्लीचंच घ्या. आकडे त्याला पहिल्याच आठवड्यात पाठ होतात.