बादलीतलं खाजण

"मास्तरीणबाईंचे टोमॅटो बघितलेस का गो?" कुंपणाशी येऊन काकींनी आवाज खाली घेतला, म्हणजे विषय मोठा.

"का, काय झालं?"

"बुडाशी काळे. एकूण एक. आन् सांगत सुटल्यात, कुणाची तरी नजर लागली!"

टोमॅटोचा विषय निघाला की आमच्या जासई गावात माझा शब्द चालतो. माहेर जुन्नर तालुक्यातलं, नारायणगावच्या टोमॅटो बाजाराजवळचं. २०२३च्या मे महिन्यात भाव नाही म्हणून टोमॅटो फेकताना लोकांनी पाहिले, आणि जुलैत त्याच टोमॅटोने किलोला शंभरी ओलांडली, आमच्याकडचे काही जण कोट्यधीश झाले. त्यामुळे मी जरा ऐटीतच सांगितलं, "नजर कसली काकी! बाई शनिवारी लेकीकडे पनवेलला जातात, सोमवारी येऊन डबा तुडुंब भरतात. कधी सुकं, कधी चिखल. अशानं फळाला कॅल्शियम पोचत नाही आणि बूड काळं पडतं. थोडं थोडं पण रोज पाणी हवं. शिवाय एका बादलीत तीन रोपं लावलीत."

"तीन सुना एका चुलीवर! मग काय व्हायचं?"

टोमॅटोला वीस लिटरचा रंगाचा डबा घ्यावा आणि त्यात रोप एकच. दसऱ्याच्या सुमारास, पाऊस ओसरल्यावर लावलेलं बरं. भर पावसात ते सडतं, आणि पारा पस्तिशीपुढे गेला की फुलं गळतात. काकी पावसाळ्यात टोमॅटोच्या वाटेला जातच नाहीत. अळू, मायाळू, भेंडी लावतात आणि मोकळ्या होतात. हे शहाणपण मला त्यांच्याकडूनच मिळालं.

"आन् त्या पोर्टातल्या भाऊंची वांगी? पानांच्या कडा करपल्यात. वर खताचा मारा चाललाय."

भाऊंचा हा छंद वाचनातून आलेला. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या कँटीनच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी २००२ पासून स्वयंपाकघरातला ओला कचरा वापरून भाज्या आणि फळझाडं वाढवली, हे भाऊ अशा थाटात सांगतात की वाटावं, टोपल्या हेच वाहत होते.

"याचं पोर्ट येगलं, पाटलांचं येगलं," काकी म्हणाल्या. "मी काल वाकून बघितलं. मातीवर पांढरी साय. जिभेला लावली. खार!"

मी गप्प. घाटावर हे कुणी शिकवलं नव्हतं.

"बोअरचं मचूळ पाणी घालतोय. पाणी उडून जातं, मीठ खाली ऱ्हातं. आमचा जलम खाजणाच्या खाऱ्या जमिनीत गेला गो. भरतीचं पाणी आत येऊ नये म्हणून बांध घालायचा, त्याची उघाडी, म्हंजे पाणी भाईर सोडायचं दार, सांभाळायची. पयल्या पावसानं खार धुऊन गेल्याबगार बी टाकायचं नाय. आता जमीनच ऱ्हायली नाय. सरकारनं जमिनी घेतल्या म्हणून चौऱ्याऐंशीत इथं गोळ्या झेलल्या, तवा कुठं त्यातले साडेबारा टक्के पदरात पडले. तेवढ्यात घर बसलं. भात कुठं बसवू?"

क्षणभर थांबून त्या पुन्हा वांग्यांवर आल्या. "त्याच्या डब्याला उघाडी कुठाय? भोकं हायत, पण डबा लादीवर सपाट बसवलाय. भोकं बंद! खाली दोन विटा दे, खत थांबव, आन् नळाचं गोडं पाणी इतकं घाल की खालून धो धो वाहिलं पायजे. पाऊस येईल तवा डबा पावसात ठेव."

"मग सांगा ना त्यांना."

"मी? मला म्हणेल, काकींना काय कळतं, यांनी कधी डब्यात शेती केली? तू सांग, माहेरच्या कृषी केंद्रात ऐकलं म्हणून. लगेच पटेल. आन् विटा माझ्याकडं मागू नको म्हणावं. मागल्या खेपेच्या चार अजून त्याच्याच टाकीखाली हायत."