मॅकवाले आणि असेंबलवाले

'लॅपटॉप कुठला घेऊ?' हा प्रश्न चारचौघांत विचारू नये. त्या चौघांत एक मॅकवाला आणि एक असेंबलवाला असतोच. मग विचारणाऱ्याची संध्याकाळ जाते आणि लॅपटॉप घ्यायचा राहतो तो राहतोच.

मॅकवाला कॅफेत शिरला की आधी भिंतीकडची खुर्ची धरतो. पाठ भिंतीला आणि झाकणावरचं सफरचंद गिऱ्हाइकांकडे, अशी त्याची बैठक असते. किंमत विचारलीत तर आकडा सांगत नाही. 'रीसेल व्हॅल्यू बघा ना,' म्हणतो. त्याने स्वतः मात्र एकही मॅक विकलेला नसतो. जुने सगळे मूळ खोक्यांसकट माळ्यावर असतात. ती खोकी टाकायला निघालेल्या बायकोशी झालेला अबोला हा त्याच्या संसारातला एकमेव गंभीर प्रसंग.

कंपनीने काहीही केलं तरी त्यामागे विचार असतो, ही त्याची श्रद्धा. 2016 च्या मॅकबुक प्रोमधून एचडीएमआय पोर्ट आणि कार्डाची खाच गेली, तेव्हा 'भविष्य वायरलेस आहे' असं सांगत तो खिशातून डोंगल काढत असे. 2021 साली दोन्ही परत आली, तेव्हा 'बघा, ग्राहकाचं ऐकतात' म्हणून त्यानेच टाळ्या वाजवल्या. 2015 च्या मॅजिक माउसला चार्जिंगची खाच पोटाखाली आहे. वायर लावली की माउस उताणा पडतो आणि काम थांबतं. हे दाखवलंत तर शांतपणे म्हणतो, 'तेवढाच डोळ्यांना आराम.'

असेंबलवाल्याला तयार यंत्र विकत घेणं म्हणजे सणाच्या दिवशी हॉटेलातून पुरणपोळ्या मागवण्यासारखं वाटतं. तो मदरबोर्ड, रॅम, ग्राफिक कार्ड, एसएमपीएस सगळं सुटं आणतो. मुंबईचा असेल तर लॅमिंग्टन रोडवरून. तिथे एका दुकानातला भाव दुसऱ्याला आणि दुसऱ्यातला पहिल्याला सांगत तो दोनशे रुपये वाचवतो आणि त्या आनंदात तीनशेचं जेवतो. त्याच्या कॅबिनेटला काचेची बाजू असते, आत लाल-हिरवे-निळे दिवे असतात, आणि एप्रिल उजाडला की ती काच काढून आतल्या पार्टांवर टेबलफॅन लावलेला असतो. घरचे उकाड्यात बसतात.

'हा माझा 2009 चा पीसी' असं तो अभिमानाने सांगतो. प्रोसेसर दोनदा बदललेला, बोर्ड त्याच्याबरोबर गेलेला, हार्डडिस्कच्या जागी एसएसडी आलेली. 2009 सालचं म्हणाल तर एक कॅबिनेट आणि दुसरा तो स्वतः. शेजारीपाजारी कुणाचाही कॉम्प्युटर हँग झाला की त्याचं निदान ठरलेलं, 'फॉरमॅट मारू.' लग्नाचे फोटो गेल्यावर शेजारी पुन्हा बोलावत नाहीत, पण त्याचा उत्साह टिकून असतो.

दोघांचीही वंशावळ जुनी आहे. आयबीएमने 1981 साली पीसी काढला तो बाजारात मिळणारे पार्ट जोडून, आणि त्याची तांत्रिक माहितीही छापून दिली. मग इतर कंपन्यांनी तसेच पीसी बनवले आणि पुढे गल्लोगल्ली असेंबलवाले जन्माला आले. मॅकिंटॉश आला 24 जानेवारी 1984 ला. किंमत 2,495 डॉलर, मेमरी 128 किलोबाइट. त्याच्या कव्हरच्या आतल्या बाजूला तो बनवणाऱ्यांच्या सह्या उमटवल्या होत्या, आणि स्क्रू मात्र घरातल्या साध्या स्क्रूड्रायव्हरने उघडणार नाहीत असे. मॅकवाला म्हणतो, 'याला म्हणतात कला.' असेंबलवाला म्हणतो, 'सह्या करून कुलूप कसलं लावता?'

भांडण रंगात आलं की दोघांना एका गोष्टीची आठवण करून द्यावी. मायक्रोसॉफ्टचं एक्सेल 1985 साली पहिल्यांदा आलं ते मॅकवर. विंडोजवर त्यानंतर दोन वर्षांनी. शिवाय 1997 साली अ‍ॅपल अडचणीत असताना याच मायक्रोसॉफ्टने त्यात 15 कोटी डॉलर घातले. एवढं ऐकलं की दोघेही क्षणभर गप्प होतात आणि मग तुमच्यावर घसरतात.

एवढ्या वेळात ज्यांच्या मुलीला इंजिनिअरिंगसाठी लॅपटॉप हवा होता, ते काका तिसरा चहा संपवून 'येतो मग' म्हणत निघालेले असतात. तिला त्यावर काय करायचंय, हे दोघांपैकी कुणीही विचारलेलं नसतं. ती मेकॅनिकलला असून सॉलिडवर्क्स लागणार असेल तर ते विंडोजवरचं आहे. काकांना दुकानाच्या हिशेबासाठी टॅली हवं असेल तर तेही विंडोजवरचंच. आयफोनची अ‍ॅप बनवायची तर एक्सकोड लागतं आणि फायनल कटवर व्हिडिओ जुळवायचे तर मॅक. ही दोन्ही सॉफ्टवेअर विंडोजवर मिळत नाहीत. नव्या मॅकमध्ये रॅम मागाहून वाढवता येत नाही, म्हणून ती घेतानाच विचार करून घ्यावी लागते. अर्ध्या चहात संपणारी ही माहिती आहे. पण ती दिली तर बोलायचं काय उरलं? स्वतः हे दोघे आपापल्या यंत्रांवर करतात काय, तर वीजबिल भरतात, पगाराची एक्सेल शीट बघतात आणि रात्री यूट्यूबवर दुसऱ्याच्या यंत्राची नालस्ती करणारे व्हिडिओ पाहतात.

तेव्हा, लॅपटॉप घ्यायचाच असेल तर आधी कुठलं सॉफ्टवेअर लागणार ते कॉलेजात विचारा. दोन्हीवर काम होणार असेल, तर रात्री अकरा वाजता प्रोजेक्ट अडकल्यावर तुमचा फोन कोण उचलतो ते आठवा, आणि त्याच्याकडे जे यंत्र असेल तेच घ्या. मात्र का घेतलंत, ते दुसऱ्याला सांगू नका.