गौरी जेवतात त्या दिवसाचा लोड

आमच्या थेरगावच्या घरात स्वयंपाकघराला दोनच पॉइंट. एक बल्बचा, एक मिक्सरचा. पिंपरी-चिंचवडची महापालिका झाली १९८२ साली. त्यानंतर चारेक वर्षांनी माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे अण्णांनी, डांगे चौकाजवळ दीड गुंठ्यात हे घर बांधलं. तेव्हा मिक्सर असणं हीच चैन होती, त्याला स्वतःचा पॉइंट म्हणजे तर थाटच. आता त्याच पॉइंटवर एक एक्स्टेन्शन बोर्ड, त्या बोर्डात दुसरा बोर्ड, आणि त्यावर फ्रिज, मिक्सर, मायक्रोवेव्ह, किटली, इंडक्शन आणि देव्हाऱ्यातली माळ असं एकत्र कुटुंब नांदतं आहे.

फ्यूज जुना, किटकॅटचा. तो सारखा जायचा म्हणून अण्णांनी केव्हातरी त्यात तारेचे तीन पदर पिळून घातले. तेव्हापासून आमचा फ्यूज कधी गेलेला नाही, हे ते पाहुण्यांनाही सांगतात. वेळ येताच वितळायचं एवढंच ज्याचं काम, त्याला अमर केलं की वितळायची पाळी भिंतीतल्या वायरीवर येते, हे त्यांना सांगणार कोण? फ्रिज उघडताना पायात चप्पल घालायची, ही आमच्या घरची रीत. मी लग्न होऊन आले तेव्हा मला आधी हे शिकवलं, साखरेचा डबा नंतर दाखवला.

यंदा कडप्प्याचा ओटा काढून ग्रॅनाइट बसवायचं ठरलं, तेव्हा वायरमनला बोलावलं. त्यानं जुना बोर्ड उघडला. थ्री-पिन प्लगची वरची पिन जाड आणि लांब असते. अर्थिंग सगळ्यांत आधी जोडलं जावं आणि सगळ्यांत शेवटी सुटावं म्हणून. आमच्या बोर्डाच्या त्या वरच्या भोकामागे थोडा गिलावा आणि एक वाळलेलं झुरळ निघालं.

“अर्थिंग हेच का?” त्यानं अदबीनं विचारलं.

मी त्याच्यापुढे पॉइंटांची यादी ठेवली. त्यानं ती न वाचताच घडी केली. “ताई, पॉइंट काढू की पंधरा. एका टायमाला काय काय चालू असतंय, ते सांगा.”

इथे आमच्या कुटुंबाचा खरा नकाशा उघडा पडला. नवरा चाकणला, फर्स्ट शिफ्टला. त्याची किटली पहाटे पाचला. दीर हिंजवडीत, पण घड्याळ अमेरिकेचं. त्याचा मायक्रोवेव्ह रात्री दोनला. नवऱ्याची सुट्टी गुरुवारी, दिराची शनिवार-रविवारी. देखभालीसाठी वीजही गुरुवारीच जाते, त्यामुळे घरात इंडक्शन आहे हे नवऱ्याला ऐकूनच माहीत. सख्खे भाऊ असून दोघं ओट्यापाशी एकत्र उभे राहिलेले मी पाहिलेले नाहीत. आम्हाला याचं वाईट वाटायचं. वायरमन मात्र खूश झाला. “लोड मस्त वाटला गेलाय की!”

“आणि गौरी जेवतात त्या दिवशी?” सासूबाई आतून म्हणाल्या.

सगळे गप्प. त्या दिवशी सगळ्यांची सुट्टी असते, शिवाय दोन्ही नणंदा सहकुटुंब येतात. गॅसच्या शेगड्या पुरणाच्या डाळीनं आणि कढईनं अडवलेल्या, म्हणून भात इंडक्शनवर. किटलीत जावयांच्या चहाचं पाणी. मिक्सरवर चटणी. आणि धाकट्या नणंदेच्या बाळाचं दूध मायक्रोवेव्हमध्ये, ‘दोनच मिनिटं, वहिनी’ म्हणत.

वायरमननं टाइल्सच्या खोक्यावर आकडे मांडले. इंडक्शन २०००, किटली १५००, मायक्रोवेव्ह १२००, मिक्सर ७५०. एकूण ५४५० वॅट. भागिले २३० व्होल्ट, म्हणजे जवळजवळ २४ अँपिअर, फ्रिज वेगळाच. सोळा अँपिअरचा चांगला पॉइंटसुद्धा फार तर ३६८० वॅट देतो, आणि आमचा तर मिक्सरपुरता. शिवाय प्रवाह दुप्पट झाला की वायरीतली उष्णता दुप्पट होत नाही, चौपट होते. म्हणून मेन बोर्डापासून इंडक्शनला स्वतंत्र चारची वायर, मायक्रोवेव्हला आणि किटलीला अडीचची वेगवेगळी, फ्रिजला त्याची त्याची. प्रत्येकीला एमसीबी, सगळ्यांवर आरसीसीबी, जी ३० मिलिअँपिअरची गळती झाली तरी पुरवठा तोडते. बेसिनच्या वर आणि फोडणी उडते तिथे बोर्ड नाही. बिलावर ‘मंजूर भार’ अशीही एक ओळ असते, ती आम्ही त्या दिवशी पहिल्यांदा वाचली. तोही वाढवून घ्यायचा.

आरसीसीबीबद्दल अण्णांना शंका होती. “म्हणजे फ्रिजला झिणझिण्या आल्या की घरातली लाइट जाणार?”

“हो काका.”

“मग चप्पल स्वस्त पडते.”

वायरमननं उत्तर दिलं नाही, झिरी कुठून मारायची त्या खुणा भिंतीवर केल्या. अण्णा खुणांमागून फिरत राहिले. शेवटी त्यांच्यानं राहवेना.

“एका दिवसाच्या पुरणासाठी एवढी जाड वायर? आणि उरलेले ३६४ दिवस?”

“उरलेले दिवस वायर गार राहील, काका.”

अण्णांनी चारच्या वायरीच्या बंडलाचा भाव विचारला. तो ऐकून आधी अण्णाच गार पडले.